न हरवलेली पर्स

बसमध्ये पिशवी विसरले, एवढाच माझा गुन्हा. पण चिरंजीवांनी घर डोक्यावर घेतलं. पिशवीत चष्मा होता, घराची किल्ली होती. "परक्या देशात काही झालं म्हणजे? आई, आता एकटीने बाहेर पडायचं नाही," असा हुकूम सुटला. दुसरी किल्लीही मिळाली नाही.

नवऱ्यामागे किराणा दुकान मी एकटीने चालवलं. याचं शिक्षण त्याच गल्ल्यातून झालं. आणि आता कोपऱ्यावरच्या बागेतसुद्धा याचं बोट धरून जायचं? मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

चिरंजीव रोज बसच्या ऑफिसला फोन करायचे आणि रोज नकार यायचा. शेवटी मी सूनबाईला विचारलं, "हा सांगतो तरी काय त्यांना?"

"तपकिरी चामड्याची पर्स. तुमच्या वाढदिवसाला आणलेली."

मी कपाळावर हात मारला. ती पर्स कपाटात होती, आणली त्याच कागदात. इतकी चांगली वस्तू कुणी रोज वापरतं का? माझ्याजवळ होती ती पिशवी, त्याच्याच जुन्या पँटची शिवलेली. पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

सूनबाई हसायला लागली. "सांगू त्यांना?"

"खबरदार. त्याने आणली तर किल्ली त्याच्याच खिशात राहील. माझी मी आणीन."

तिने मला तिकीट काढून दिलं, बसचा नंबर सांगितला आणि मी बोललेलं फोन इथल्या भाषेत कसा सांगतो, तेही शिकवलं. सून असावी तर अशी.

त्या ऑफिसात छत्र्यांचा ढीग होता, हातमोजे होते, कुणाचा तरी एकच बूट होता. मी फोनमध्ये बोलले, "काळ्या पँटची पिशवी. मागचा खिसा तसाच आहे."

खिडकीतल्या बाई आत गेल्या आणि माझी पिशवी घेऊन आल्या. त्यांचं बोलणं फोनने मला सांगितलं, "आत पत्ता आहे का बघायचं होतं, पण ही उघडतच नाही. सगळ्यांनी प्रयत्न केला. कापायची परवानगी नाही."

चोराचा हात आत जाऊ नये म्हणून मी नाडीला गाठ मारते, दुकानात पोत्यांना मारायचे तीच. मी एक टोक दाबून धरलं, दुसरं ओढलं. नाडी सुटली. बाईंनी आतल्या दोघांना हाक मारली आणि मला पुन्हा बांधून दाखवायला लावलं. मग काय, मी त्यांची शिकवणीच घेतली.

घरी आले तेव्हा दार माझ्या किल्लीने उघडलं. चिरंजीव फोन कानाला लावून उभेच होते.

"कुठे गेली होतीस? कुणाबरोबर?"

"माझ्याबरोबर." मी पिशवी टेबलावर ठेवली.

आपल्याच पँटचा खिसा त्याने ओळखला. "मग पर्स?"

"ती कुठे हरवली? कपाटात आहे."

सूनबाई पाठ करून हसत होती. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला नाही. केला असता तरी मी दिली नसती.

सकाळी मी चपला घातल्या. तो चहा पीत होता. आता 'थांब, मी येतो' म्हणणार, म्हणून मी उत्तर तयारच ठेवलं होतं.

"आई," तो म्हणाला, "येताना दूध आणशील?"

"आठवण राहिली तर," मी म्हटलं आणि जिना उतरले.