सगुणाच्या घरामागचा ढीग

कोपरीच्या खाडीकाठी सगुणा कोळिणीचं घर शिंपल्यांच्या ढिगाला टेकून उभं होतं. ओहोटीला चिखल तुडवत जायचं, खडकावरची कालवं काढून आणायची, दारात बसून फोडायची, गर टेंभी नाक्यावर विकायचा आणि रिकामे शिंपले घरामागे टाकायचे, हे तिने तीस वर्षं केलं. तिच्या आधी सासूने, दगडाबाईने केलं.

एकोणनव्वद साली कुठल्याशा कॉलेजातले एक प्रोफेसर विद्यार्थी घेऊन आले. ढीग बघून त्यांना आनंदाचं भरतं आलं. दोऱ्या बांधल्या, फोटो काढले. आदिमानव किनाऱ्याकिनाऱ्याने चालत आला, नव्या मुलखात शिकार मिळेना तेव्हा चिखलात उतरून शिंपले खायला शिकला आणि तगला, असं ते मुलांना समजावत होते. सगुणाला चहा करायला सांगितलं, तो तिने केला. ढीग कोणाचा, हे मात्र तिला कोणी विचारलं नाही. शिकलेल्या माणसांना विचारायची लाज वाटते.

महिन्याने सरकारी नोटीस आली. ढीग पुरातन, त्याला कुंपण घालायचं. घर म्हणजे अतिक्रमण, ते पाडायचं. बदल्यात दूर मोहने गावात एक खोली. तिथे ना ओहोटी ना कालवं. सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्यांची एवढी काळजी, आणि जितीजागती बाई यांच्या डोळ्यांत खुपते.

प्रोफेसर पुन्हा आले तेव्हा ती फावडं घेऊनच उभी होती. दोरी तोडून तिने ढिगाचा तळ उकरला. त्या घरची रीत होती: नवी सून पहिल्यांदा कालवं काढून आली की पहिल्या शिंपल्यांखाली आपली एक बांगडी पुरायची. तळातून हिरव्या काचेची बांगडी निघाली.

"ही माज्या सासूची," सगुणा म्हणाली. "यो ढीग आमी दोघींनी घातलाय. आदिमानव कवा आलाच नाय इथं."

प्रोफेसरांचा चेहरा पडला. माणूस सरळ होता, त्यांनी आपली चूक सरकारला कळवली. घर वाचलं असं सगुणाने धरलं.

पंधरा दिवसांनी दुसरी नोटीस आली. शेजारच्या नाथाने ती वाचून दाखवली. खाडीकाठी अनधिकृत कचरा. ढीग आणि घर, दोन्ही हटवायचं. खोली तीच, मोहन्याची.

सगुणा तो कागद घेऊन थेट कॉलेजात गेली आणि तिने तो प्रोफेसरांच्या टेबलावर आपटला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे माझ्या हातात नाही, सगुणाबाई," ते हळूच म्हणाले. "पण माणूस कुठेही गेला तरी जुळवून घेतो. त्याचा इतिहासच तो आहे."

"आदिमानवाचा होता तवर कुंपण, माजा निघाला तर कचरा. आन वर जुळवून पण मीच घ्यायचं?" सगुणाचा आवाज बाहेरच्या वर्गापर्यंत गेला. "खोली तुमी घ्या. खाडी नाय, धंदा नाय, वळखीचं मानूस नाय. ऱ्हावा तिथं वरीसभर. तगलात, तर मंग पोरांना शिकवा."