खालून ठीक

मित्रांनो, मी एक जुना खड्डा आहे. हसलात ना? हसून घ्या. खड्डा म्हटलं की तुम्हाला रस्त्यावरचे माझे वाया गेलेले भाऊबंद आठवणार, हे मला माहीत आहे. त्यांनी आमच्या घराण्याचं नाव पार धुळीला मिळवलं. पण मी आपोआप पडलेला खड्डा नाही हो! मला मुद्दाम खणलं, विटांनी बांधून काढलं, वरून सिमेंटचा गिलावा केला आणि उतरायला पायऱ्या ठेवल्या. मी वाहन कचेरीच्या आवारातला तपासणीचा खड्डा आहे. गाडी माझ्यावर येऊन उभी राहायची आणि तपासणारा माणूस माझ्यात उतरून तिचं पोट बघायचा.

गाडीचं काय असतं, वरून ती कुणालाही फसवते. नवा रंग दिला, काचा पुसल्या, की झाली नवरीसारखी. खालून मात्र तिचं सोंग टिकत नाही. गंजलेली नळी, तडकलेला स्प्रिंगचा पाटा, ढिला नट, गळणारं तेल, सगळं उघडं पडतं. म्हणून मला बांधलं तेव्हा कचेरीतले लोक मला फार मान द्यायचे. बाहेरगावचे साहेब आले की त्यांना आधी मला दाखवायला आणत. भिंतीवर जाळीतला दिवा होता, कोपऱ्यात पाणी उपसायचा छोटा पंप होता. रोज सकाळी कुणीतरी माझ्यात झाडू मारायचं. आता सांगितलं तर तुम्हाला थापा वाटतील.

माझ्यात उतरणारे चौघे जण होते. त्यातले टॉर्चसाहेब माझे सगळ्यांत लाडके. भर दुपारीही त्यांच्या खिशात टॉर्च असायचा, म्हणून हे नाव पडलं. वर, माझ्या काठाशी एक टेबल होतं आणि त्या टेबलाशी शिक्केभाऊ बसायचे. त्यांचं काम एकच. खालून आवाज आला की कागदावर शिक्का मारायचा. टॉर्चसाहेब सगळं ठोकून, हलवून, बोट फिरवून बघायचे आणि मग मान वर करून ओरडायचे, "खालून ठीक!" तो आवाज कानावर पडल्याशिवाय शिक्केभाऊंचा हात हलत नसे. साक्षात मोठे साहेब आले तरी ते म्हणायचे, "साहेब, खालून आवाज येऊ द्या." गाडीवाल्यांनाही ही सवय झाली होती. ते आपल्या जागेवर स्टिअरिंग धरून बसायचे, आणि आवाज आला की चावी फिरवायचे.

एकदा एका ट्रकवाल्याने टॉर्चसाहेबांना विचारलं, "काय साहेब, दिवसभर खड्ड्यात! कंटाळा नाही येत?"

"अहो, मी खड्ड्यात जातो म्हणून तुम्ही जात नाही," साहेब म्हणाले. सगळे खो खो हसले. मीही हसलो असतो, पण मला तोंड म्हणजे नुसतं तोंडच.

मग दिवस फिरले. एकदम नाही फिरले, हळूहळू फिरले, म्हणून कुणी बोंब मारली नाही. चौघांपैकी एक निवृत्त झाले. त्यांना हार घातला, भाषणं झाली, आणि त्यांची खुर्ची भिंतीला लावून ठेवली. "जागा लवकरच भरली जाईल," असं मोठे साहेब म्हणाले. दुसऱ्याची बदली झाली. तिसऱ्याला आजारपणाने घरी बसवलं. जागा काही भरली नाही. मोठे साहेब स्वतःच इतर दोन कचेऱ्यांचं काम सांभाळत होते. ते यायचे तेव्हा चहा गार व्हायच्या आत निघायचे, त्यांचा तरी काय दोष? उरले एकटे टॉर्चसाहेब. गाड्या मात्र कमी झाल्या नाहीत. वाढल्याच.

आता तुम्ही म्हणाल, कचेरी गरीब असेल. छे! कर, फी, दंड असे पैसे खिडकीवर दिवसभर येत होते. लोक उन्हात उभे राहून पैसे भरत होते. पण ते संध्याकाळी सरकारच्या मोठ्या तिजोरीत जायचे, आणि तिथून आम्हाला हवे असतील तर मागून घ्यावे लागायचे. मागितले की उत्तर ठरलेलं, यंदा तरतूद नाही. माझा दिवा गेला, तरतूद नाही. पंप बंद पडला, तरतूद नाही. आवारातल्या टाकीची नळी जमिनीखाली फुटली होती, तिचं पाणी माझ्यात पाझरायला लागलं. "कुठेतरी पाणी मुरतंय" असं लोक संशयाने म्हणतात ना? माझ्याकडे संशयाला जागाच नव्हती. ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत साचत होतं. पंपाचं घोंगडं मात्र भिजतच पडलं.

शिक्केभाऊ निवृत्त झाले त्या दिवसाची मला आजही रुखरुख लागते. दुसऱ्या दिवशी टॉर्चसाहेब घोट्याएवढ्या पाण्यात उतरले, गाडी बघितली आणि सवयीने मोठ्यांदा ओरडले, "खालून ठीक!" वर टेबलाशी ऐकायला कोणीच नव्हतं. मग स्वतःशीच हसले, पायऱ्या चढून वर गेले आणि स्वतःच शिक्का मारला. तेव्हापासून ते रोज असंच करायचे. खाली तेच, वर तेच. शिवाय मधूनमधून खिडकीवरून हाक यायची, कारण परवान्याचे फोटोही आता तेच काढत होते. बिचाऱ्याची नुसती धावपळ चालायची.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं तसे ते खालच्या पायरीवर थांबायला लागले. मग मधल्या पायरीवर. तिथून वाकून टॉर्च मारायचे, दिसेल तेवढं बघायचे आणि आवाज द्यायचे. आवाज तोच होता हो, तसाच खणखणीत. पायऱ्या तेवढ्या वर सरकत होत्या. ते लबाड नव्हते, हे मी छातीठोकपणे सांगतो. थकले होते. पण थकलेल्या माणसाच्या नजरेतून सुटलेली नळी काही कमी गंजत नाही.

आमच्याकडे एक व्हॅनवाल्या मावशी यायच्या. शाळेतल्या मुलांची ने-आण करायच्या. मुलं मावशी म्हणायची, म्हणून सगळी कचेरीच मावशी म्हणायची. नवरा गेल्यावर त्यांनी ती व्हॅन घेतली होती. घरी सासूबाई आणि एक मुलगी, आणि सगळ्यांचं पोट त्या व्हॅनवर. शाळा उघडायच्या आधी पासिंगचा शिक्का मिळाला नाही तर शाळा दुसरी व्हॅन ठरवणार होती. त्या सकाळी त्या माझ्यावर गाडी उभी करून खाली उतरल्या आणि सरळ टॉर्चसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, एक सांगू? ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. जरा नीट बघा हं. पोरं असतात माझ्या गाडीत."

"ओढते? मग बघायलाच पाहिजे," साहेब म्हणाले. "पण खाली तळं झालंय, मावशी. थांबा, मी पाणी उपसतो."

"मी उपसू लागू का?"

"नको, नको. तुम्ही आपल्या गाडीत बसा."

आणि मित्रांनो, ते खरंच बादली घेऊन आले. पँट दुमडली आणि एका माणसाने एका बादलीने मला उपसायला घेतलं. किती दिवसांनी कुणीतरी माझी अशी सेवा करत होतं! मला भरून आलं. म्हणजे पाण्याने मी भरलेलोच होतो, पण हे वेगळं. पाणी थोडं उतरलंही. तेवढ्यात खिडकीवरून हाक आली, "साहेब, फोटोवाले बोंबलतायत!" साहेब गेले. परत आले तोवर टाकीच्या फुटक्या नळीने आपलं काम केलं होतं आणि पाणी होतं तिथे आलं होतं. मागे गाड्यांची रांग फाटकाच्या बाहेर गेली होती. सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. कुणीतरी ओरडलं, "अहो, झोपलात काय खड्ड्यात?"

साहेब सगळ्यात वरच्या पायरीवर उभे होते. एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हातात टॉर्च. त्यांनी पाण्याकडे बघितलं, रांगेकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "खालून ठीक!"

मी शपथेवर सांगतो, ते त्यांनी ठरवून म्हटलं नाही. इतकी वर्षं रांग आणि हॉर्न यांच्यापुढे जे तोंडातून निघायचं, तेच निघालं. पण मावशी आपल्या जागेवर बसल्या होत्या. त्यांना पायरी दिसत नव्हती, बादली दिसत नव्हती. त्यांनी फक्त आवाज ऐकला आणि चावी फिरवली. व्हॅन सुरू झाली तसा साहेबांचा हात वर गेला. थांबवायलाच गेला होता. मागून पुन्हा हॉर्न वाजले आणि तो हात खाली आला. मग त्याच हाताने त्यांनी शिक्का मारला.

मावशी खिडकीतून म्हणाल्या, "बरं झालं बाई! उगाच घाबरले होते मी."

साहेबांना वाटलं असेल, पंप आला की पुन्हा बोलावू. मलाही तसंच वाटलं. तशी आशा धरायची आम्हा दोघांना सवयच होती.

शाळा उघडली त्याच आठवड्यात ते झालं. मी काही जागचा हलत नाही, म्हणून कचेरीत लोक बोलत होते तेवढंच सांगतो. शाळेजवळच्या उतारावर ब्रेकची नळी फुटली. मावशींनी पाय दाबला, तो नुसता आत गेला. समोर शाळेचं फाटक आणि फाटकात मुलं. मावशींनी व्हॅन भिंतीवर घातली, तीही आपली बाजू भिंतीकडे करून. आतल्या मुलांना खरचटलं, टेंगळं आली, पण सगळी मुलं घरी गेली. मावशींचा उजवा हात मात्र दारात चेंगरला. तो राहिला, पण पुन्हा स्टिअरिंग धरण्याजोगा राहिला नाही.

हाताला पट्टी बांधलेल्या अवस्थेत त्या कचेरीत आल्या. टॉर्चसाहेब माझ्या काठाशी उभे होते.

"साहेब, मी तुमचा आवाज ऐकला होता."

"हो."

"म्हणजे तुम्ही खाली उतरला होतात ना?"

साहेबांनी खाली साचलेल्या पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही, मावशी. वरूनच म्हणालो."

मावशी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मला वाटलं, निदान ओरडाव्यात. त्या म्हणाल्या, "चार शिव्या द्यायच्या म्हणून रिक्षा करून आले होते. तुमचं तोंड बघून त्याही आठवेनात." आणि त्या हळूहळू चालत गेल्या. साहेब तिथेच पायरीवर बसून राहिले. रांगेतल्या कुणीही त्या दिवशी हॉर्न वाजवला नाही.

मग चौकशी आली. इतके साहेब एका जागी मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते! त्यातला एक जरी आमच्याकडे कायमचा ठेवला असता तर चौकशीची वेळ आली नसती. पण हे खड्ड्याने कुणाला सांगायचं? त्यांनी माझी लांबी मोजली, रुंदी मोजली, नाकाला रुमाल लावून वाकून बघितलं. उतरलं कोणीच नाही. टॉर्चसाहेबांना त्यांनी विचारलं, "पंपासाठी वर कळवलं होतं की नाही?"

"दर वर्षी कळवलं होतं," साहेब म्हणाले. "पण ती व्हॅन पंपाने सोडली नाही साहेब, मी सोडली."

त्यांना घरी बसवलं. ते गेले आणि चौथी खुर्चीही भिंतीला लागली. माझ्याबद्दल असं ठरलं की खड्डा धोकादायक आहे, कुणी पडेल. माझ्या तोंडावर लोखंडी पत्रा ठोकून मला बंद केलं. यासाठी मात्र तरतूद लगेच निघाली, आहे की नाही गंमत! आता कधीतरी दुसऱ्या कचेरीतून कुणी तपासणारे येतात. ते खुर्चीवर बसतात, दिवे लावून दाखवायला सांगतात, हॉर्न ऐकतात आणि शिक्का देतात. गाड्या माझ्यावरून जातात. मी खालून त्यांची पोटं ओळखतो, पण मला आवाज नाही.

परवा एक शाळेची व्हॅन आली. चालवणारा तरुण होता आणि शेजारी मदतनीस म्हणून बसल्या होत्या आपल्या मावशी. चढता-उतरताना मुलांना सांभाळायचं काम त्या आता करतात. गाडी बरोबर माझ्यावर थांबली. मावशी उतरल्या, डाव्या हाताचा आधार घेत गुडघ्यांवर बसल्या आणि मग सरळ आडव्याच झाल्या. त्यांचा गाल माझ्यावरच्या पत्र्याला टेकला. त्या गाडीच्या खाली बघत होत्या.

"मावशी, चला, शिक्का मिळाला!" तो तरुण म्हणाला. "काय हरवलं का?"

"नाही रे. बघतेय जरा."

"काय बघताय?"

"तेच तर मला कळत नाही," मावशी म्हणाल्या. पण त्या उठल्या नाहीत, बघतच राहिल्या.

एका पत्र्याचं अंतर होतं, मित्रांनो. माझ्यात जाणता माणूस उभा असता तर त्याने क्षणात सांगितलं असतं. मला उघडा असं मी म्हणत नाही, माझं आयुष्य झालं. पण उद्या सकाळी तुमची शाळेची व्हॅन दाराशी येईल तेव्हा घरच्या मोठ्यांना एवढं विचारायला सांगा, की हिच्याखाली शेवटचं कोण उतरलं होतं? आणि त्या माणसाचं नाव कळेपर्यंत व्हॅनच्या पायरीवर पाय ठेवू नका.