मोंढ्यात शिकलेला फटका

सृष्टी माझ्या भावाची, बजरंगची पोरगी. दहावीला हाय अन् आईस हॉकी खेळती. आता लातुरात बर्फ कुठला, तर सरबताच्या गाड्यावर. मनून चाकाचे बूट घालून खेळती. नांदेडला निवड होती. निवडलेल्या दोघी पोरींना खऱ्या बर्फावर खेळाया लडाखला नेनार होते. बजरंगनं बजावलं होतं, "ह्या खेपेला जमलं न्हाई तर बूट माळ्यावर, अन् गुमान अभ्यास."

निवडीला पाचातले तीन फटके गोलाच्या वरच्या भागात पायजेत. अन् हिची चकती, पक म्हनतात तिला, जमीन सोडंना.

मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडतीवर सोयाबीनचे ढीग लावायचं काम करती. दुपारी शेड रिकामं असतं, तवा सृष्टी तिथल्या फरशीवर काठी आपटत बसायची. बघून बघून माझं टकुरं फिरलं.

"मारतीस कामून गं? साप हाय का त्यो?" म्हनलं अन् लाकडी फावडं हातात दिलं. "हे दाने ढिगावर टाक."

तिनं फावडं आपटलं. दाने शेडभर. आमचे आडतदार बापूसाहेब डोळे वटारून बघाय लागले.

"आपटू नगं. दाने मागून वढत आन. अंगाचा भार मागल्या पायावरून पुढल्यावर घे, अन् शेवटाला मनगट वळव."

पंधरा दिवस पोरीनं ढीग लावले. मग काठी धरली, तशी पक उठली अन् पोत्यांच्या थप्पीवर जाऊन पडली. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

नांदेडला मी संगट गेले. पहिला फटका गोलाच्या डोक्यावरून गेला. दुसरा बी. निवड करनाऱ्या राजश्री मॅडमनी वहीत दोन फुल्या मारल्या. आता राहिलेले तिन्ही बसायला पायजेत. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

तवा कुठं उजेड पडला. मोंढ्यातला ढीग मानसाच्या डोक्यावर जातो, अन् हा गोल माझ्या छातीएवढा. पोरीला आभाळाकडं फेकायला मीच शिकवलं होतं. तिची काय चूक?

कुंपनाशी गेले अन् म्हनलं, "सिरष्टे, हितला ढीग लहान हाय. काठी छातीच्या वर नेऊ नगं."

मॅडम माझ्याकडं बघाय लागल्या. बघू दे.

तिसरा आत गेला. चौथा दांडीला लागून आत. पाचव्याला मी डोळेच मिटले. पोरींचा गलका झाला मनून उघडले, तर सृष्टी खाली बसून रडलाली. मॅडम तिचं नाव लिवत होत्या. मी बी रडले, लाज कसली त्यात.

बजरंगला फोन लावला. सगळं सांगितलं.

त्यो म्हनला, "नांदेडातच हाईस तर तिला जाड स्वेटर घे. हितं तसला मिळत न्हाई."