वीस मीटर तार, सात फूट गॅलरी

महादू केणे यांना दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता: आखूड वाक्ये आणि आखूड अँटेना. बोलायचे ते पुरते बोलावे आणि तार लावायची ती पुरत्या लांबीची लावावी, एवढे ज्याला साधत नाही त्याने गप्प बसावे, असे त्यांचे स्पष्ट मत होते. आणि ते मत कोणी विचारण्याची वाट ते पाहत नसत.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी बावीस वर्षे हौशी रेडिओची साधना केली होती, म्हणजे सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या यंत्रावरून, दूरदूरच्या परवानाधारकांशी हवेतून संभाषण केले होते. वळ गावातल्या त्यांच्या परसात दोन ताड उभे होते. त्या ताडांच्या मध्ये, चाळीस फूट उंचीवर, वीस मीटर तांब्याची तार सरळ ताणलेली असे. त्यांच्या तरंगलांबीला नेमकी तेवढीच तार लागते. एक वीतही कमी नाही. पुढे भावांनी परस गोदामासाठी देऊन टाकले, ताड एका सकाळी आडवे झाले, आणि केणे यांच्या वाट्याला टेमघरमधल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची सदनिका आली. तिला सात फुटांची गॅलरी होती.

“वीस मीटर, वीस मीटर करता,” त्यांची पत्नी कमळ म्हणाली, “आन् गॅलरी सात फुटांची हाय. बाकीची तार काय माझ्या गळ्यान बांधू?”

“तुझ्या गळ्याला उंची नाही,” केणे गंभीरपणे म्हणाले.

प्रश्न मात्र थट्टेचा नव्हता. दर रविवारी सकाळी सात वाजता हवेवर ‘रविवार मंडळ’ भरे. अकरा वर्षे त्याचे सूत्रसंचालन केणे यांच्याकडे होते. मंडळाचे नियम त्यांनीच लिहिले होते. नियम तिसरा: सूत्रसंचालक लागोपाठ तीन रविवार गैरहजर राहिल्यास सूत्रे उपसंचालकाकडे जातील. नियम पाचवा: प्रत्येकाने हजेरी देताना आपली अँटेना कोणती, हे खरे आणि सविस्तर सांगावे. हा पाचवा नियम त्यांनी मुद्दाम घातला होता. खिडकीत काठी अडकवून बसणारे, छतावर वेटोळे पसरणारे, असल्या लोकांना दर आठवड्याला चारचौघांत आपली तोकडी सामग्री कबूल करावी लागे, आणि मग केणे फक्त “हं” म्हणत. त्या एका “हं”मुळे दोघांनी मंडळ सोडले होते.

उपसंचालक होता नाशिकचा देवेश. “काय मंडळी, मजेत ना!” अशी तो सुरुवात करी. अकरा वर्षांची शिस्त या माणसाच्या हाती जाणार, या कल्पनेने केणे यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

पहिला रविवार सामान हलवण्यात गेला. त्यानंतर ते सोसायटीचे अध्यक्ष भावेश पाटील यांच्याकडे गच्चीची परवानगी मागायला गेले. भावेशशेठच्या दापोड्याला तीन गाळे होते, दोन्ही हातांत एकेक मोबाइल होता, आणि तिसरा टेबलावर वाजत होता.

“काका, त्याशी लहरी येतान,” भावेशशेठ म्हणाले. “पोराबालांच्या डोक्यान जातान. आपले बिल्डिंगीन न्हाय चालाचा.”

“तुमच्या कानाला लागलेल्या वस्तूतून काय येते? अत्तर?”

“ह्यो मोबाइल हाय, काका. त्याची गोष्ट येगली.”

ज्याला भौतिकशास्त्रात वेगळी गोष्ट आढळली त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. केणे यांनी तरीही पाऊण तास वाद घातला, आणि परिणामी नकार तोंडी होता तो लेखी मिळाला.

दुसऱ्या रविवारसाठी त्यांनी तार दिवाणखान्याच्या छताखाली चार वेळा दुमडून लावली. लावताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती की त्यांनी पडदे ओढून घेतले. सातच्या ठोक्याला यंत्र चालू केले, तर त्यातून माणूस एकही आला नाही. आली ती फक्त घरघर. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कापड विणणारे चाळीस लूम अहोरात्र चालत. शुक्रवारी ते बंद असत, पण मंडळ शुक्रवारी भरत नसे. त्या घरघरीच्या तळाशी कुठेतरी देवेशचे “मजेत ना!” क्षीणपणे ऐकू आले, आणि नेमके तेवढेच ऐकू यावे याचा त्यांना संताप आला. त्यांची स्वतःची हजेरी तर कोणाला ऐकूच गेली नाही.

पुतणी उन्नती त्याच आठवड्यात येऊन गेली. ती लग्न-हळदीच्या सजावटीचे काम करी, आणि गेल्या वर्षी परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झाली होती. तिचा अभ्यास केणे यांनीच करून घेतला होता.

“काका, लूप लावा ना,” ती म्हणाली. “तांब्याच्या पाइपचं गोल कडं. मीटरभर रुंद. गॅलरीत आरामात बसतं. आणि कड्याचं तोंड लूमकडे फिरवलं की त्यांचा आवाज पडतो.”

“कडे! वीस मीटरच्या जागी कडे! उद्या म्हणशील, बांगडीवरून बोला.”

“बांगडी छोटी पडेल. हिशोब करून बघितलाय मी.”

“हिशोब मलाही येतो. दहा भाग शक्ती घातली तर त्यातून एखादा भाग बाहेर पडतो. बाकीचे नऊ कडे तापवण्यात जातात. ती अँटेना नव्हे, शेगडी आहे.”

“एक भाग तरी बाहेर पडतो ना, काका? तुमचा आत्ता किती पडतोय?”

या प्रश्नाचे उत्तर केणे यांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी विषय बदलला.

शुक्रवारी पहाटे त्यांनी केसासारखी बारीक काळी तार गॅलरीपासून कंपाउंडच्या कडेच्या बदामाच्या झाडापर्यंत गुपचूप ताणली. पुरी वीस मीटर. त्या दिवशी लूम बंद होते. नागपूर, भूज, बंगळूर, सगळे समोर बसल्यासारखे बोलले. केणे यांनी दोन आठवड्यांनंतर प्रथमच पोटभर जेवण केले.

पण त्यांच्यासारख्या तपशिलाच्या माणसाने एक गोष्ट विचारात घेतली नव्हती. शनिवारी भावेशशेठच्या धाकट्या भावाची हळद होती, आणि हळद म्हटली की या भागात दोन झाडांमधली कोणतीही मोकळी हवा मांडववाल्याची असते. दुपारी केणे झोपून उठले तेव्हा त्यांच्या अँटेनेवरून गुलाबी-पिवळ्या दिव्यांच्या सोळा माळा लोंबत होत्या, आणि एक कामगार सतरावी टाकत होता. केणे यांनी “अरे!” म्हणण्यास आणि तार तुटण्यास एकच गाठ पडली. सोळाही माळा भावेशशेठच्या मामेसासऱ्यांच्या पागोट्यावर आल्या.

“ही वायर कोणाची?” भावेशशेठ खालून गरजले. वायरचे दुसरे टोक केणे यांच्या हातात होते.

तासाभराने सोसायटीचे दुसरे पत्र आले. त्यात ‘केणे यांच्या सदनिकेतून तारेसदृश वस्तू बाहेर आल्यास’ पुढे काय होईल ते लिहिले होते. ‘तारेसदृश’ हा शब्द केणे यांनी तीनदा वाचला. तारेला तारेसदृश म्हणणाऱ्या माणसाने आपल्याला हरवावे, याहून मोठा अपमान त्यांना सुचेना. उद्या तिसरा रविवार होता.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ते गॅलरीत हात मागे बांधून उभे होते. खाली उन्नतीचा टेम्पो आला. हळदीची सजावट तिचीच होती. झेंडूच्या तोरणांत मढवलेली, नवरा-नवरीच्या फोटोसाठी ठेवतात तसली गोल कडी उतरत होती. दोन मंडपात गेली. तिसरे, जरा लहान, तिने फाटकापाशी उभे केले.

“भावेशदादा, जरा हात लावता? हे वर न्यायचंय, काकांच्या गॅलरीत. खालून फोटोत मागे दिसेल, मस्त वाटेल.”

“आमचे हळदीला काकांची गॅलरी सजवतंस? वा गं पोरी!” भावेशशेठनी दोन्ही मोबाइल खिशात घातले आणि कडे खांद्यावर घेतले. “जड हाय गं!”

“तांब्याचं आहे, दादा.”

“तांब्याचा? भारी काम करतंस!”

अशा रीतीने सोसायटीच्या अध्यक्षांनी स्वतः घाम गाळून अँटेना दोन जिने वर वाहून आणली, गॅलरीत आपल्या हातांनी उभी केली, दोन पावले मागे सरून तिच्याकडे कौतुकाने पाहिले आणि म्हणाले, “काका, बघा. आसा काय तरी लावाचा. तारा कसल्या लावता?”

केणे यांच्या जिभेवर आलेले वाक्य चार ओळींचे आणि अत्यंत सुंदर होते. त्यांनी ते गिळले.

“फुलं प्लास्टिकची आहेत,” भावेशशेठ गेल्यावर उन्नती कुजबुजली. “वर पाइपमध्ये फट आहे ना, तिथं एकही लावलेलं नाही. बोलताना तिथं हजारभर व्होल्ट असतात. काकींना लांब ठेवा.”

“मी कशाला जातंय?” कमळ म्हणाली. “मना तर लगीन झाल्यासारखा वाटतंय.”

रविवारी पावणेसातला केणे यंत्रापुढे बसले. लूम धडधडत होते. उन्नतीने कडे हळूहळू फिरवले. त्याचे तोंड भिंतीकडे वळताच घरघर अशी खाली बसली, जणू कोणी चाळीस लूमवर गोधडी टाकली. सातच्या ठोक्याला देवेशचा आवाज आला, स्वच्छ.

“काय मंडळी, मजेत ना! आज तिसरा रविवार. केणेसाहेब आहेत का हवेवर? नसतील तर नियमाप्रमाणे...”

केणे यांनी कळ दाबली आणि आपले संकेतनाव उच्चारले, एकेक अक्षर सुटे करून.

“साहेब!” देवेश ओरडला. “आवाज बारीक आहे, पण काय स्वच्छ आहे! वळहून बोलायचात तेव्हा सुद्धा मागे थोडी खरखर असायची. सूत्रे तुमचीच. फक्त नियम पाचवा, साहेब. अँटेना?”

मंडळाचे तेवीस सभासद, आणि अकरा वर्षांचे ते “हं”, कान देऊन बसले होते. ‘तार, वीस मीटर’ असे म्हटले असते तर कोणाला कळले असते? उन्नतीला कळले असते. शिवाय नियम केणे यांनी स्वतः लिहिला होता, आणि त्यात ‘खरे’ हा शब्द होता, आणि ‘सविस्तर’ हाही.

“कडे,” केणे म्हणाले. “तांब्याचे. व्यास एक मीटर. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. बनवणारी माझी पुतणी उन्नती केणे.” ते थांबले. वाक्य आखूड झाले होते, आणि अपुरेही. “त्यावर झेंडूची फुले आहेत. प्लास्टिकची.”

मग कुठूनतरी, बहुधा सांगलीहून, एक अगदी सावकाश, लांबवलेले “हं” आले.

केणे यांनी ते नोंदवहीत वेळेसकट लिहून घेतले आणि पुढच्या सभासदाचे नाव पुकारले.