दोन्ही इंधनं एकदम

जावयाने मिस्त्रीच्या मनगटावर पाना हाणला, आणि तो पानाही मिस्त्रीच्याच भिंतीवरचा. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, दुखायला नंतर लागलं. मिस्त्री गॅरेजच्या तेलकट फरशीवर मटकन बसला आणि जावई त्याला ओलांडून मागच्या खोलीत शिरला.

लेक तिथे होती. घरात तिला बारकी म्हणत. आदल्या दिवशी ती सुजलेला जबडा घेऊन माहेरी आली होती आणि परत जायचं नाही, एवढंच बोलली होती. मिस्त्रीनेही नको जाऊस, एवढंच म्हटलं होतं. कुणाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. गिऱ्हाइकांनी त्याला आयुष्यभर याच स्वभावावर लुबाडलं. पण लेकीच्या बाबतीत तो नाहीला चिकटून राहिला, आणि त्याचं हे फळ पदरात पडलं.

आत भांडी पडली, कपाटाची काच फुटली. जावई बारकीला वेणीला धरून फरफटत बाहेर घेऊन आला. तिने दाराची चौकट घट्ट धरली, तेव्हा त्याने बुटाने तिची बोटं ठेचून सोडवली. मिस्त्री कसाबसा उठून आडवा गेला, तर छातीत लाथ बसली आणि तो जुन्या टायरांच्या ढिगावर जाऊन आदळला.

"बसून घ्या, मामा," जावई म्हणाला. "मोडायला अजून एक हात शिल्लक आहे."

त्याने बारकीला जीपमध्ये कोंबलं आणि किल्ली फिरवली. जीप सुरू होईना.

ती जीप जुनी, चारही चाकं ओढणारी, इंजीन मोठं आणि भूक त्याहून मोठी. पेट्रोल परवडेना म्हणून जावयाने कुणा हौशी कारागिराकडून तिला गॅसचा किट बसवून घेतला होता, आणि तेव्हापासून तो गॅसवरच हिंडायचा. अधूनमधून पेट्रोलवर चालवत जा, नाहीतर कार्बोरेटर कोरडा पडतो, आतली सुई चिकटून बसते, असं मिस्त्रीने त्याला कितीदा समजावलं होतं. उपाशी कार्बोरेटर, पोट मात्र तुमचं दुखतंय, म्हणून जावई हसायचा. आता गॅस संपत आला होता. टाकीत पेट्रोल होतं, पण सुई चिकटल्यामुळे ते पुढे सरकत नव्हतं. स्टार्टर नुसता कण्हत होता.

जावयाने बॉनेट उघडलं आणि मिस्त्रीला कॉलरला धरून पुढ्यात उभं केलं. मिस्त्रीने लोंबणारा हात दाखवला. हात गेला असला तरी तोंड चालतंय ना, असं जावई म्हणाल्यावर मिस्त्रीने सांगितलं, की वरचं झाकण काढा आणि कार्बोरेटरला बाजूने पेचकसाच्या मुठीने हलकेच टिचक्या मारा, सुई सुटेल. हलकेच हा शब्द जावयाच्या गावी नव्हता. त्याने लोखंडी पान्यानेच चार दणके घातले. सुई कसली सुटते. मग त्याने पाना न सोडता दुसऱ्या हाताने कोपऱ्यातला पेट्रोलचा डबा उचलला, बारकीला स्टिअरिंगमागे सरकायला लावलं आणि उघड्या कार्बोरेटरवर वाकून हातानेच पेट्रोल ओतू लागला.

या गॅरेजची एक रीत होती. कार्बोरेटरवर जो वाकेल, किल्ली त्याच्याच खिशात. बारकी इथेच लहानाची मोठी झाली, तिला ती बाराखडीसारखी पाठ होती. शिवाय किल्लीशेजारचं गॅसचं बटण, पेट्रोलवर जाताना बंद करायचं, ते चालूच होतं. मघापासून स्टार्टर मारून मारून इंजिनात उरलासुरला गॅस साठला होता, मिस्त्रीच्या नाकाला तो स्पष्ट कळत होता. आत गॅस, वर पेट्रोल, आणि ठिणगीची वेळ गॅससाठी पुढे ओढून ठेवलेली. असं इंजीन उलटा भडका मारतं, तोही वरच्या अंगाला.

बारकीने बटणाकडे पाहिलं. मग बाजूच्या काचेतून बापाकडे पाहिलं.

"फिरव," जावई म्हणाला.

ती हलली नाही.

"बहिरी झालीस का? तिथे आलो तर दात घशात घालीन."

"जावईबापू," मिस्त्री हळूच म्हणाला, "तोंड बाजूला घ्या. भडका येईल."

"तुम्ही घ्या बाजूला," म्हणत जावयाने मागे न पाहता कोपर मारलं, ते नेमकं मोडक्या मनगटावर बसलं. मिस्त्री किंचाळला, त्याच्या डोळ्यांपुढे काळोख आला. तो ओसरला तेव्हा जावई पुन्हा वाकलेला होता आणि पुन्हा फिरव म्हणत होता. दुसऱ्यांदा सांगण्याइतका दम मिस्त्रीच्या छातीत होता. तो त्याने आतच ठेवला.

बारकीने किल्ली फिरवली.

तोफ सुटावी तसा आवाज झाला. कार्बोरेटरच्या तोंडातून पुरुषभर ज्वाळ उठली आणि जावयाच्या दाढीला, भुवयांना, हातातल्या डब्याला धरून त्याच्या अंगभर धावली. तो ओरडत फरशीवर कोसळला, आणि पेटलेल्या अंगानेही हातातला पाना फिरवत राहिला. एक फटका मिस्त्रीच्या नडगीवर बसला. मिस्त्रीने गाडीवर घालायचं जाड कापड एका हाताने ओढून त्याच्यावर टाकलं आणि स्वतः वर आडवा पडला. खाली माणूस धडपडत होता, चावत होता, शिव्या देत होता. कापड धुमसत होतं. मिस्त्री उठला नाही. बारकीने उतरून मागे जाऊन आधी गॅसच्या टाकीचा कॉक बंद केला, मग ओलं पोतं इंजिनावर दाबून धरलं. पुष्कळ वेळाने सगळं विझलं.

जावई जिवंत होता. रुग्णवाहिकेतल्या माणसाने बरोबर घरचं कोण येतंय म्हणून विचारलं, तेव्हा बारकी बापाचं कोपर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मी यांच्याबरोबर जाणार. यांचा हात बसवायचाय." जावयाने जळक्या ओठांनी काहीतरी म्हटलं. कुणी वाकून ऐकलं नाही.

मग रुग्णवाहिकेमागोमाग आलेल्या हवालदाराने बारकीला विचारलं, किल्ली कुणी फिरवली. मिस्त्रीने मी म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधीच ती बोलली. किल्ली तिने फिरवली, त्यानेच दोनदा फिरव म्हटलं होतं. हवालदाराने तिचा जबडा पाहिला, बोटं पाहिली आणि मिस्त्रीकडे वळला.

"तुम्ही तर जुने जाणते. सांगितलं नाहीत त्याला?"

"एकदा सांगितलं," मिस्त्री म्हणाला.

बारकीने त्याचं कोपर दाबलं, पुरे म्हणून. पण मिस्त्रीला ते तसंच सोडवेना.

"दुसऱ्यांदा नाही सांगितलं," तो म्हणाला.