मूठभर जुना मसाला

अनिताने खडा मसाला भाजायला घेतला आणि सासऱ्यांपुढे दालचिनीची पुडी ठेवली. "आबा, एवढ्या काड्या मोडून द्या."

हैबतराव जन्मभर रोह्याच्या वाचनालयात बसलेले. काडी मोडता मोडता म्हणाले, "मूळ शब्द दारचिनी. दार म्हणजे फारसीत लाकूड. चिनी लाकूड ते. संस्कृतात त्वक्, म्हणजे नुसती साल. इटलीत म्हणे बारकी नळी..." आणि थांबले. चुकतोय का आपण? बायको, बायजा, असती तर म्हणाली असती, "नावानं आमटी होते व्हय?" ती धरमतरकडची. तिच्या माहेरी दालचिनीला गोड काडी म्हणत.

बायजाला जाऊन चार महिने झाले होते. रडू आलं नव्हतं. वास मात्र तेव्हापासून येईनासा झाला होता. हातातली काडी नाकाशी नेली, तर काहीच नाही.

"आणि आबा, आईंची जुनी बरणी दिसत नाय कुठं. मूठ घालायला हवी."

लग्नात बायजा आईकडून मसाला घेऊन आली होती. दरवर्षी नव्या मसाल्यात जुन्याची एक मूठ घालायची. म्हणजे आईच्या हातचं तुटत नाय, म्हणायची.

"बघतो," म्हणून हैबतराव खोलीत गेले. बरणी पुस्तकांच्या कपाटात होती. त्यांनीच उपरण्यात गुंडाळून ठेवलेली. तळाला जेमतेम मूठभर उरलेला. दिला तर तिच्या हातचं काहीच उरणार नाही. नाही दिला, तर तिच्या आईपासूनचं इथंच तुटणार.

"अनिता गो, चल ना! डंकावरचा नंबर जाईल," शेजारची सगुणा दारातून ओरडली.

हैबतराव बरणी घेऊन बाहेर आले. उपरणं काढायचं राहूनच गेलं होतं. अनिताने ते बघितलं आणि बरणी घेतली.

पूल ओलांडून पलीकडे अष्टमी गावात मसाला कुटायचा डंक. आपल्यात दुसऱ्याचा मिसळू नये म्हणून घरचं माणूस समोर बसायचं, तसे हैबतराव बसले. मुसळं धडधडत होती. मिरचीनं बायका शिंकत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या.

"आबांना मिरचीपण घाबरते बघ!" सगुणा म्हणाली. बायका हसल्या. हैबतरावही हसले. डोळे कोरडेच होते.

शेवटी अनिताने बरणी उपडी केली. जुना मसाला काळपट होता. मुसळ दोनदा पडलं आणि तो ओळखू येईनासा झाला.

घरी आल्यावर तिने बरणी धुतली, उन्हात वाळवली, नवा मसाला भरला, वर हिंगाचा खडा ठेवला. मग तीच बरणी त्याच उपरण्यात गुंडाळून सासऱ्यांच्या हातात दिली.

"तुमच्याच कपाटात राहू दे. पुढच्या वर्षी मूठ लागंल."

हैबतरावांनी खोलीत जाऊन झाकण उघडलं. वास आला नाही. झाकण घट्ट लावलं आणि बरणी पुस्तकांमागे सरकवून ठेवली.