जास्तीचा एक फेरा

“मोडली ना? मग झालं तर! दोरी कापतो, खाली आली की भंगारात.”

“आधी ती कात्री खाली ठेव. कापडाची आहे ती.”

“आई, वारा बघ केवढा सुटलाय!”

“वारा मलाही दिसतोय. कात्री ठेव.”

ज्या बयेवरून हे चाललंय ती मी. मी छत्री बोलतेय. हातात धरून मिरवतात तसली किरकोळ नव्हे. अंगणात उभी राहणारी, चार माणसं सावलीत घेणारी, उन्हाची छत्री. माझ्या खांबाला हँडल आहे. ते फिरवलं की आतल्या रिळावर दोरी गुंडाळली जाते आणि माझ्या काड्या पसरतात. उलटं फिरवलं की मी मिटते. आज मात्र ते नुसतंच गरगर फिरतंय, आतलं रीळ अडकून बसलंय. मी उघडी ती उघडीच. वारा असा घुसतोय की बुडाचा सिमेंटचा ठोकळाही कुरकुरतोय. मी आडवी झाले तर थेट शिलाई मशीनवर पडणार.

ते मशीन या टेलरबाईंचं, आणि कात्रीवाला हा त्यांचा मुलगा, वरच्या मजल्यावर राहणारा.

माझं तरुणपण एका हॉटेलच्या गच्चीवर गेलं. लोक माझ्याखाली तासन्‌तास बसायचे, भांडायचे, लग्नं ठरवायचे. उठताना एकानंही कधी वर पाहिलं नाही. रंग उडाला तसं मला जिन्याखाली ढकललं. तिथून टेलरबाईंनी मला आणलं. फाटलेल्या दोन कळ्या, म्हणजे कापडाचे तिकोनी तुकडे, उसवून त्यांनी जाड निळ्या कापडाच्या बसवल्या. बाकीची मी पिवळी. ठिगळ म्हणाल तर याद राखा! तशी शिवण कारखान्यातही मिळाली नव्हती मला.

त्यांच्या दोन खोल्यांत उजेडाच्या नावानं बोंब. म्हणून मशीन माझ्याखाली. सुईत दोरा ओवायला त्यांना ऊन चालत नाही आणि अंधारही चालत नाही, माझी सावलीच लागते. “आता पुरे कर शिवणं,” असं मुलगा कधीपासून म्हणत होता. छत्री गेली की मशीन आपोआप गेलं, हे त्याला ठाऊक होतं. त्यांनाही होतं.

“तूच मोडलंस ते,” तो म्हणाला. “हातात जोर उरला नाही तुझ्या. काहीतरी वेडंवाकडं ओढलं असशील. आज छत्री, उद्या बोट जाईल सुईखाली.”

टेलरबाईंचा चेहरा असा झाला की वाराही क्षणभर दबला.

मला तोंड असतं तर मी तिथंच सांगितलं असतं. सकाळी “राहू दे, मी उघडतो” म्हणत हाच आला होता. मन चांगलं हो त्याचं, हाताची सवय वाईट. नळ बंद झाला तरी वर एक फेरा, बरणीचं झाकण बसलं तरी वर एक फेरा. त्याचे वडीलही असेच होते. या घरात लोणचं काढायचं तर आधी झाकणाशी कुस्ती. मी पूर्ण उघडले होते, तरी त्यानं आणखी एक फेरा मारलाच. आत कट्‌कन आवाज झाला. त्याचा मोबाइल कानाला होता, तो तसाच निघून गेला.

माणसांनो, घट्ट झालं की थांबावं. एवढंच मागणं आहे माझं.

तेवढ्यात वाऱ्याचा पुढचा झोत आला आणि माझा ठोकळा एका बाजूनं उचलला गेला. तो कात्री उघडून दोरीकडे धावला.

“शहाण्या, कापलीस तर ती उलटी होऊन माझं मशीन घेऊन जाईल! धर तिला. काड्यांखालचं ते कडं दोन्ही हातांनी वर रेट. मी रिळावरचं झाकण काढतेय. झाकण निघालं की रीळ मोकळं, मग तिला धरणारं तुझ्याशिवाय कुणी नाही.”

दोन्ही हात लागणार म्हटल्यावर कात्री ठेवावीच लागली.

टेलरबाई त्याच्या पायाशी बसल्या आणि स्क्रू काढू लागल्या. वारा मला वर ओढत होता, झोत ओसरला की मी सगळ्या वजनानिशी त्याच्या हातांवर येत होते. खाली त्यांची बोटं रिळात होती. हँडल आणि रीळ जोडणारी पिन तुटली होती. त्यांनी तुकडा ठोकून काढला आणि मोडक्या सुयांची डबी उघडली. मोडकी सुई फेकायची नाही, हा त्यांचा नेम. पिनेऐवजी बसवायला त्यांनी जाड कापड शिवायच्या सुईचा बुंधा निवडला.

हँडलच्या भोकाला रिळाचं भोक मिळेना.

“आई, हात सुटतोय…”

“सुटला तर माझी बोटं गेली. धर.”

पुन्हा झोत आला. ठोकळा उठला, आपटला. मशीनवरचा अर्धा शिवलेला झगा उडून भिंतीला चिकटला. दोघांपैकी कुणीही तिकडे बघितलं नाही. मग दोन भोकं समोरासमोर आली, बुंधा आत गेला, दोन हलके ठोके पडले. टेलरबाईंनी झाकण बसवलं आणि हँडल उलटं फिरवलं.

मी मिटले! सरसर खाली आले. त्यांनी माझ्या अंगाभोवती पट्टा आवळला, बेताचा. वारा आला आणि मला नुसता चाटून गेला.

मुलगा भिंतीला टेकला. टेलरबाईंनी तुटक्या पिनेचा तुकडा त्याच्या तळव्यावर ठेवला.

“बघ. लोखंड आहे. जोर नसलेल्या हातानं तुटतं होय रे हे?”

त्यानं तुकडा उलटसुलट करून पाहिला.

“सकाळी… मी उघडली होती.”

“हो.”

“मला कळलंच नाही, आई. पण खरंच, तुझं वय…”

टेलरबाईंनी कात्री उचलली, पदरानं पुसली, जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, “मशीन इथंच राहणार, सकाळी छत्री मी उघडेन, संध्याकाळी मिटायला रोज तू खाली ये, आणि जास्तीचा फेरा मारायचाच असेल तर माझ्या डोळ्यांदेखत मार.”